थोरांची ओळख : लक्ष्मणराव किर्लोस्कर



मोठेपणी तू कोण होणार, असे घरी आलेले काका-मावशी विचारतात. उत्तर सुचले नाही तर घाबरू नका. ज्यांचे आडनाव भारतातल्या शेतांत पंपांवर आणि इंजिनांवर वाचायला मिळते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते!

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. त्यांना वेड दोन गोष्टींचे, चित्रांचे आणि यंत्रांचे. चित्रकला शिकणे वडिलांना पसंत नव्हते. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी कळले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. रंगवण्याची वाट बंद झाली. तेव्हा ते जेमतेम १८ वर्षांचे होते!

रंग गेले, पण रेघ राहिली. हात तयार होता, मापे अचूक येत होती. म्हणून ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले. त्या सुमारास मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट नुकतीच सुरू झाली होती. तिथे त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार बेताचाच होता. पण यंत्रे जवळून पाहायला, हाताळायला आणि त्यांच्यावरची पुस्तके वाचायला मिळत होती. हीच त्यांची खरी शाळा ठरली.

तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत आणि चालवायलाही शिकवत. पुढे नोकरीत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

आता त्यांनी शेतकऱ्याच्या गरजेकडे पाहिले. आधी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलथतो. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. नांगर तयार होते, गिऱ्हाईक नव्हते! लोकांची खात्री पटायला दोन वर्षे लागली.

जरा जम बसतो तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि कर्जही दिले. तिथे निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. १९१० साली तिथे वस्ती आणि कारखाना उभा राहू लागला. तीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्यातली. पुढे स्टेशनचे नावही तेच झाले.

लक्ष्मणराव स्वतः कॉलेजचे इंजिनियर नव्हते. पण काळ बदलतो आहे हे त्यांनी ओळखले. मुलगा शंतनुराव याला त्यांनी १९२२ साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. १९२६ साली तो पदवी घेऊन परतला. पुढे किर्लोस्करांचे उद्योग यंत्रे, मोटारी आणि डिझेल इंजिनांपर्यंत वाढले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

पाहिलेत ना? चित्रकार, शिक्षक, दुकानदार, कारखानदार! काम तीन वेळा बदलले, पण आधी शिकलेले वाया गेले नाही. चित्रकलेने तयार केलेला हात नांगराच्या आराखड्यावरही उपयोगी पडला.

पालकांनाही एक विनंती. आज मुले ज्याची तयारी करतात, ती नोकरी ती मोठी होईपर्यंत तशीच राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून मुलांना हुद्दा ठरवून देण्याची घाई नको. रामूअण्णांसारखे पाठीशी उभे राहा. हाताने काही करू द्या, बिघडले तर पुन्हा जुळवू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा, तुम्ही काय शिकलात आणि प्रत्यक्षात कोणते काम केलेत? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा. पुढच्या वर्गात वाचून दाखवू.