रेव्हरंड टिळकांचा संन्यास

रविवारीं उपासनेस मंडळी जमते, पेटीचा सूर लागतो, आणि लहानथोर सारे एका स्वरानें गाऊं लागतात. त्या गीतांपैकीं कितीतरी ज्यांच्या लेखणींतून उतरलीं, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या वाचकांस कवि म्हणून परिचयाचे आहेतच. त्यांच्या फुलांवरील व मुलांवरील कविता शाळेंत कोणीं म्हटल्या नाहींत? परंतु आयुष्याच्या अखेरीस हेच टिळक संन्यासी झाले, आणि तेंही संसार न मोडतां, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. तीच आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील तापट, आई मायाळू व काव्याची आवड असलेली. ती माउली लौकरच निवर्तली, आणि हा मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. पुढें विवाह झाला, परंतु स्वारी एका ठिकाणीं टिकेल तर शपथ! सन १८९३ च्या सुमारास नागपुराकडून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं पवित्र शास्त्र दिलें. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो हिंदी धर्मोपदेशकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील साऱ्या गोष्टीचें बीज त्यांत आहे.

या बाप्तिस्म्यानें घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि कित्येक वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या नगरास आल्या, तरी प्रथम त्यांचें सोंवळेंओंवळें व चूल वेगळीच होती. सन १९०० मध्यें त्यांनीं स्वतः विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगरच्या त्या घराचें दार सर्वांस उघडें असे. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें तेथें वाढलीं. बालकवि ठोमरे यांसही त्या घरानें पुत्रवत् सांभाळिलें. घरांत पैसा मात्र ठरत नसे, आणि तो कां ठरत नाहीं याचा हिशेब लक्ष्मीबाईंनाच द्यावा लागे.

अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत टिळकांनीं सुमारें दोन तपें काढिलीं. ते धर्मोपदेशक झाले. धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांस शिकवीत. सन १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी भाग पाहूं लागले. परंतु मनास एक शल्य टोंचीत राहिलें. या महाराष्ट्रांत देवाविषयीं बोलणारा मनुष्य निरिच्छ असावा अशी लोकांची पिढ्यान् पिढ्यांची अपेक्षा. पगार घेऊन प्रवचन करणाराचें म्हणणें लोक ऐकून घेत, पण त्याजवर अंतःकरण ठेवीत नसत. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोंचलों, अशी टिळकांची श्रद्धा होती. म्हणूनच त्यांनीं कीर्तन व भजन मंडळींत आणिलें. मग ज्यानें तुकोबांचा सूर घेतला, त्यानें त्यांची निष्कांचन वृत्ति कां घेऊं नये?

सन १९१७ मध्यें, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, टिळकांनीं मिशनची नोकरी सोडिली आणि ते साताऱ्यास गेले. पदरीं पुंजी नव्हती. देव जें देईल त्यावर रहावयाचें, असा निश्चय. हा संन्यास रानांत जाण्याचा नव्हता. त्यांनीं पत्नी टाकिली नाहीं, मुलें टाकिलीं नाहींत. टाकिलें तें वेतन, आणि त्याबरोबर येणारा आधार. हा आधार एकट्या टिळकांचाच नव्हता, घराचाही होता, हें येथें सांगितलेंच पाहिजे. थोरांच्या त्यागाचीं वर्णनें करतांना त्यांच्या घरची चूल आपण विसरतों, असें आम्हांस अनेकदां वाटतें.

साताऱ्यास त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्तास गुरु मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारांत भाऊ म्हणून यावा. अमका पंथ, तमकें मिशन हा भेद दारांतच रहावा. परदेशी पेहराव उतरवून मंडळीनें देशी रीतीनें एकत्र भक्ति करावी, अशी ती कल्पना होती. मंडळींतील पुष्कळांस ती रुचली नाहीं. बाप्तिस्म्याचें महत्त्व यानें कमी होईल अशी त्यांना भीति वाटली. आमच्या मतें ही भीति अगदींच निराधार नव्हती. ज्या संस्कारासाठीं अनेकांनीं घरदार व आप्तइष्ट गमाविले, त्याविषयीं त्यांचें मन हळवें असणारच. स्वतः टिळकांनींही त्याची किंमत भरली होती. तरीही दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसास आंत बसावयास जागा द्यावी असेंच त्यांना वाटे.

हा प्रयोग पुरतीं दोन वर्षेंही चालला नाहीं. प्रकृति ढांसळली, आणि ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें. ख्रिस्ती लोकांत दफनाची चाल असतां, त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला. दरबार त्यांच्यामागें टिकला नाहीं. पुढें सन १९२२ मध्यें जे. सी. विन्स्लो यांनीं ख्रिस्त सेवा संघ काढिला. त्यांनींच टिळकांचें इंग्रजी चरित्रही लिहिलें. संघाच्या पुण्यांतील आश्रमांत हिंदी व इंग्रज बंधु एकाच साध्या रहाणीनें राहूं लागले.

टिळकांचें 'ख्रिस्तायन' हें ओंवीबद्ध महाकाव्य मात्र आरंभींच थांबलें होतें. ज्यांना शाळेचें तोंडही पहावयास मिळालें नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालविलें. सन १९३६ मध्यें त्या वारल्या, तोंवर त्याचे बहुतेक अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते.