तीर्थांचा वकील : श्री. वीरचंद राघवजी गांधी

वीरचंदभाईंचे नाव निघाले की आपणां सर्वांस शिकागोची सर्वधर्मपरिषद आठवते आणि काठियावाडी पागोटे घातलेली ती तेजस्वी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु शिकागोला जाण्यापूर्वीची त्यांची आठ-नऊ वर्षे कायदा, दस्तऐवज आणि सरकारदरबारच्या खेपा यांतच गेली, याची आठवण फारशी ठेवली जात नाही.

२५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते सन्मानपूर्वक बी.ए. झाले व लवकरच, ऐन एकविशीच्या उंबरठ्यावर, जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस झाले. त्या वेळी पालिताण्याच्या ठाकोरांनी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर माणशी कर बसविला होता. संस्थानिकाशी उघड वैर धरणे ही त्या काळी जोखमीचीच गोष्ट. वीरचंदभाईंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. १८८६ साली तडजोड होऊन माणशी कर रद्द झाला. त्याऐवजी चाळीस वर्षे दरसाल १५,००० रुपये एकत्रित द्यावयाचे ठरले. गरीब यात्रेकरूला पायथ्याशी अडविणे त्यामुळे थांबले. हा करार किती मोलाचा होता हे त्याची मुदत १९२६ मध्ये संपली तेव्हा कळून आले. तंटा पुन्हा पेटला, समाजाने यात्रेवर बहिष्कार घातला आणि १९२८ साली दरसाल ६०,००० रुपये मान्य करावे लागले!

१८९० मध्ये वडील निवर्तले. पुढे वीरचंदभाई मुंबईतील एका युरोपियन सॉलिसिटर कंपनीत उमेदवारी करू लागले. सॉलिसिटरचे काम न्यायालयातील भाषणापेक्षा कागदांच्या ढिगाऱ्यातच अधिक चालते. त्या चिकाटीची कसोटी लवकरच लागली. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या सम्मेदशिखराच्या डोंगरावर बोडम नावाच्या इंग्रजाने डुकराच्या चरबीचा कारखाना काढला होता. खालच्या न्यायालयात निकाल समाजाविरुद्ध गेला. अपिलासाठी वीरचंदभाई कलकत्त्यास गेले. जुने दस्तऐवज बंगालीत. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून दावा चालविणे त्यांना पटेना, म्हणून सुमारे सहा महिने तेथे राहून ते बंगाली शिकले आणि मूळ कागद त्यांनी स्वतः वाचले. अखेर अपील जिंकले व कारखाना बंद पडला. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या या उमेदवाराने एका कामासाठी एक भाषा शिकावी, हे आजच्या आपल्या वकील मित्रांनाही थक्क करील.

१८९३ साली शिकागोचे निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधुधर्मामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंदभाईंना पाठविले. परिषदेत त्यांनी जैन दर्शन मांडले हे सर्वश्रुत आहे. परंतु पाद्री पेंटेकॉस्ट यांनी हिंदू देवालयांवर व तेथील स्त्रियांवर आघात केला, तेव्हा २५ सप्टेंबरला उत्तर देण्यास हाच जैन प्रतिनिधी उभा राहिला. टीका त्यांच्या स्वतःच्या धर्मावर नव्हती. तरीही दुसऱ्याचा बचाव त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

मायदेशी मात्र परदेशगमनाबद्दल सनातन्यांचा रोष त्यांना सोसावा लागला. ज्या समाजाची तीर्थे राखली त्यातीलच काहींनी असे वागावे, हे वाचताना आजही मन खंतावते. तरीही ते पुन्हा अमेरिकेस व इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हर्बर्ट वॉरन हे इंग्रज गृहस्थ त्यांच्या शिकवणीने जैन झाले.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली. मुंबईस परतल्यावर थोड्याच दिवसांत, ७ ऑगस्ट १९०१ रोजी, त्यांचे देहावसान झाले. वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते. २००२ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. त्यावरही तेच काठियावाडी पागोटे आहे.