एका वर्षाची पट्टी
गेल्या रविवारी मुलगा ‘मस्टँग बॉस ३०२’च्या छोट्या मॉडेलवर पट्टी चिकटवत होता. मी त्याला थांबवलं. गाडी १९६९ची, पुढे चार दिव्यांची. हातातली पट्टी मात्र १९७०ची, बॉनेटवरून बाजूला उतरणारी. १९६९ला हवी इंग्रजी ‘सी’सारखी. एका वर्षानं काय बिघडतं, असं त्यानं विचारलं. मग मी त्याला लॅरी शिनोडांची गोष्ट सांगितली.

जन्म १९३०चा, लॉस एंजलिसचा. महायुद्धात केवळ जपानी वंशाचा म्हणून हा अमेरिकन मुलगा मँझनारच्या छावणीत डांबला गेला. पुढे त्याच देशाच्या तरुणांना वेड लावणाऱ्या गाड्या त्यानं रेखाटल्या. जनरल मोटर्समध्ये १९६३च्या कॉर्व्हेट स्टिंग रेला आकार दिल्यावर, १९६८ साली शिनोडा आपले साहेब बंकी नड्सन यांच्यापाठोपाठ फोर्डमध्ये गेले. ‘बॉस’ हे नाव त्यांचंच, पट्ट्याही त्यांच्याच. १९६९मध्ये नड्सन यांना काढलं, शिनोडांचीही नोकरी गेली. १९९७ साली ते वारले.

फोर्डमध्ये त्यांना मिळालं जेमतेम दीड वर्ष. त्यातलं एक वर्ष आपण कसं पुसायचं?

मुलानं काही न बोलता पट्टी बाजूला ठेवली आणि ‘सी’ची पट्टी पाण्यात भिजत घातली.