दिवा घेऊन ती काय बघायची?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सगळ्यांनीच पाठ केलाय. हातात दिवा, अंधारा वॉर्ड, जखमी सैनिक, संपला धडा. (माझं मराठी मराठी मीडियमवाल्यांइतकं शुद्ध नाही, सांभाळून घ्या.) पण तो दिवा घेऊन ती नक्की बघायची काय, हे त्यात कुठेच नव्हतं. मला तर खरी फ्लॉरेन्स तिथेच सापडली.

जन्म १२ मे १८२०, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, म्हणून नाव तेच. घर इंग्लंडमधलं, बक्कळ श्रीमंत. अशा घरच्या मुलीने नर्स व्हायचं म्हणजे त्या काळी घराण्याचं नाक कापण्यासारखंच. आई आणि बहीण अडून बसल्या. तरी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थला राहून ती तीन महिने शिकलीच. १८५३ मध्ये लंडनला एका छोट्या हॉस्पिटलची प्रमुख झाली आणि पुढच्या वर्षी क्रिमियाच्या युद्धावर निघाली.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली. घाण, उंदीर, उवा, कपड्यांची बोंब. तिने स्वयंपाकघर, धुणं, बिछाने सगळं मार्गी लावलं. रात्री दिवा घेऊन फेऱ्याही मारल्या. आणि तरीही माणसं मरतच राहिली! फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर पेशंटमागे सुमारे ४२. जखमांनी कमी, कॉलरा, हगवण आणि टायफसने जास्त. मार्चमध्ये इंग्लंडहून सॅनिटरी कमिशन आलं, त्यात रॉबर्ट रॉलिन्सन हा सिव्हिल इंजिनिअर होता (सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा). हॉस्पिटल तुंबलेल्या गटारांवरच उभं होतं. गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत आकडा शंभराला दोनच्या आसपास आला.

युद्धानंतर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून तिने मृत्यूंचा हिशेब मांडला. आपल्या डोळ्यांदेखत गेलेली पोरं कशाने गेली, हे तेव्हा तिला पुरतं उमगलं. याचा सल तिला जन्मभर राहिला. १८५८ मध्ये तिने पाकळ्यांसारखा गोल ग्राफ छापला, आणि त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने पहिली महिला सभासद म्हणून तिला घेतलं.

इतकी आकड्यांची बाई, पण 'नोट्स ऑन नर्सिंग' या १८५९ च्या पुस्तकात तिने सरासरीपासून सावध केलंय. शंभरात किती दगावतील हे सरासरी सांगेल, पण समोरच्या खाटेवरचा माणूस त्यातलाच आहे का, ते तिथे बसून बघणाऱ्यालाच कळणार. त्यासाठी प्रश्न नेमका हवा. झोप चांगली लागली का, असं विचारण्यात अर्थ नाही. किती तास लागली, कोणत्या वेळी लागली, ते विचारायचं. जेवला का म्हणण्यापेक्षा ताटात काय उरलं ते बघायचं. पेशंट तर ठीक आहे म्हणणारच. पाहुण्यांसमोर तो हसून बोलतो, पण खरी तब्येत बघायची ती पाहुणे गेल्यावर तासाभराने. चेहऱ्याचा रंग, नाडी, श्वास, गुंगी, हे रोज बघितलं तरच आज काय बदललं ते लक्षात येतं. तेव्हा ताप मोजायचा थर्मामीटरसुद्धा नर्सच्या हातात नव्हता, हे विसरू नका.

आज याच गोष्टींना मार्क देतात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून 'न्यूज' नावाचा स्कोअर आहे: श्वासाचा वेग, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध. प्रत्येकाला शून्य ते तीन. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर दोन जास्त. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात म्हणजे इमर्जन्सी. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर त्या एकट्याचेच तीन मार्क. माझी मावशी स्टाफ नर्स आहे. ती म्हणते, सगळ्यात जास्त टाळाटाळ श्वास मोजण्यातच होते, कारण पूर्ण एक मिनिट नुसतं छातीकडे बघत बसावं लागतं. मशीन तर नाडी झटकन दाखवतं. आपल्या होस्टेलवर कोणी तापाने पडलं की आपण दारातूनच 'काय रे, बरा का?' ओरडतो, तो आतून 'हो' म्हणतो, आणि आपण मेसला जातो. त्याने सकाळपासून पाणी किती प्यायलं, लघवीला गेला का, बोलताना धाप लागते का, बरळतोय का, हे रूममेटच बघू शकतो. वॉर्डनसाहेब रात्री दोनला येणार नाहीत.

१८६० मध्ये तिच्या फंडातून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा निघाली. ती स्वतः मात्र १८५७ पासून आजारी, बहुतेक वेळ खाटेवरच. तिथूनच पत्रं आणि रिपोर्ट लिहायची. भारतातल्या पाणी आणि गटारांवर तिने वर्षानुवर्षं काम केलं, पण इथे एकदाही आली नाही. म्हातारपणी दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या घरी झोपेतच गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायचा मान घरच्यांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावी तिची कबर आहे, त्यावर नावाची फक्त आद्याक्षरं आणि सालं आहेत.