अनुदानाची अट आणि रावबहादूर बोले

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वैशाखरे हे गाव आहे. तेथून जवळच नाणेघाटाची प्राचीन वाट वर चढते. त्या घाटातील लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिकेचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. कोणत्या यज्ञात किती गायी, किती हत्ती-घोडे आणि किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले, याची आकडेवार नोंद त्यात केलेली आढळते. राजकोशातून कोणाला किती दिले गेले, याचा इतका जुना व तपशीलवार हिशेब महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. परंतु देणाऱ्याने घेणाऱ्याला काही विचारल्याची नोंद मात्र त्यात नाही. ती असण्याचे कारणही नव्हते. दक्षिणा दिली की दात्याचा संबंध संपतो.

लोकशाही राज्यातील अनुदान ही दक्षिणा नव्हे. तो सर्वांच्या करातून जमलेला पैसा असतो. म्हणूनच तो मागणाऱ्या संस्थेला, या पैशातून उभी राहणारी विहीर, शाळा वा धर्मशाळा सर्वांना खुली राहील काय, हा प्रश्न विचारण्याचा सरकारला केवळ अधिकार नव्हे, तर ते त्याचे कर्तव्य ठरते. आज हा विचार सर्वमान्य वाटतो. पण मुंबई इलाख्यात तो कायदे कौन्सिलच्या दप्तरी आग्रहाने नोंदविणारा पुरुष कोण, असे विचारल्यास सहज उत्तर मिळणार नाही. दादरला एस. के. बोले मार्गावरून रोज हजारो लोक जातात-येतात. त्यांपैकी फारच थोड्यांना रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे कार्य ठाऊक असेल.

बोले यांचा जन्म १८६८ सालचा, भंडारी समाजातला. ज्ञातीच्या सुधारणेपासून त्यांनी सार्वजनिक कार्यास आरंभ केला, पण ते ज्ञातीच्या कुंपणात अडकून पडले नाहीत. १९०७ साली भीमराव आंबेडकर हा महार समाजातील विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनासाठी मुंबईत भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले ते याच सभेत. पुढे १९०९ साली गिरणी कामगारांच्या हितासाठी कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बोले अग्रभागी होते. कोकणातील कुळांना नाडणाऱ्या खोती पद्धतीविरुद्धही त्यांनी कौन्सिलात आवाज उठविला. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्या वतीने कायद्याच्या दरबारात उभे राहावयाचे, हे त्यांच्या आयुष्याचे सूत्र होते, असे म्हणता येईल.

या सूत्राचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने संमत केलेला बोले यांचा ठराव होय. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे, तसेच सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्याची अस्पृश्य वर्गास मुभा असावी, अशी शिफारस त्यात होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बोले यांनी धर्मशास्त्राचा वाद काढला नाही. स्पृश्यास्पृश्यतेचा उगम कोठे, याची चर्चाही आरंभिली नाही. त्यांनी एकच कसोटी लावली, पैसा कोणाचा? तो सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे. सनातनी मनालाही ही कसोटी सहजासहजी खोडून काढता येण्यासारखी नव्हती.

ही कसोटी अगदीच नवी होती असे नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि त्यावरून बराच पत्रव्यवहार झाला. त्यानंतर १८५८ साली सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील, असे तत्त्व मुंबई सरकारने जाहीर केले. पण सर्वस्वी या एका शब्दात सारी पळवाट होती. ज्या शाळेचा काही खर्च लोकवर्गणीतून होई, ती या तत्त्वाच्या कक्षेत बंधनकारकपणे येत नसे. तिची मदत काढून घेण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला होता, एवढेच. राखून ठेवलेला अधिकार वापरण्याची वेळ मात्र सहसा येत नाही, हा सरकारी कारभाराचा सार्वत्रिक अनुभव आहे.

१९२३ च्या ठरावाचेही काही अंशी असेच झाले. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना तो अमलात आणण्याचा आदेश दिला. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र आदेशाची जागा सल्ल्याने घेतली. नगरपालिका व लोकल बोर्डे यांनी या शिफारशीचा स्वीकार करण्याच्या इष्टतेचा विचार करावा, असे कलेक्टरांनी त्यांना सुचवावे, एवढ्यावर भागविण्यात आले. गावोगावच्या विहिरी, तळी व धर्मशाळा होत्या त्या बहुतांशी याच संस्थांच्या ताब्यात! ज्यांच्या हाती कुलूप, त्यांनाच किल्ली वापरावी की नाही याचा विचार करण्यास सांगितले गेले.

महाडचा इतिहास याची साक्ष देतो. तेथील नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या उदारधी पुरुषाचा त्यात पुढाकार होता, ही गोष्ट महाडला भूषणावह आहे. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदी हक्काची खरी किंमत जगाला कळली. परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असता, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. पुढे स्पृश्यांनी सांगितलेली परंपरा सिद्ध होत नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली.

केवळ शिफारशीने कुलूप उघडत नाही, हे बोले यांच्या ध्यानात महाडच्या आधीच आले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे १९२३ च्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती. पहिल्या ठरावाची कीर्ती मोठी. परंतु आमच्या मते बोले यांची खरी दूरदृष्टी या दुसऱ्या ठरावात दिसते. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणाऱ्या सुधारकांच्या काळात या गृहस्थाने तिजोरीच्या किल्लीवर बोट ठेवले. शिक्षणाच्या क्षेत्रात ही वाट १९२३ सालीच मोकळी झाली होती. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांना अनुदान मिळणार नाही, असे सरकारने तेव्हा जाहीर केले होते. जे शाळेला लागू, ते विहिरीला का नको, हा बोले यांच्या मागणीचा गाभा होता.

या मागणीतच एक पुढचा प्रश्न दडलेला होता. अमुक संस्था ठराव पाळते की नाही, हे सरकारला कळणार कसे? बोर्डाने आपणच आपल्याला प्रमाणपत्र द्यावे काय? शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव असते. पण तो वर्गात बसतो की ओसरीवर, हे हजेरीपट सांगत नाही. विहिरीवर सर्वांना मज्जाव नाही अशी पाटी असते. पण पोहरा कोण सोडतो आणि दूर उभे राहून कोणाची घागर भरण्याची वाट कोण पाहतो, हे पाटीवरून कळत नाही. १९२८ साली सरकारने स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी या दोन्ही वर्गांच्या स्थितीची चौकशी करून समितीने १९३० साली अहवाल दिला. अट घालावयाची तर आधी वस्तुस्थिती गोळा करावी लागते, हे सरकारने यातून एक प्रकारे मान्यच केले.

बोले १९६१ साली निवर्तले. आपल्या ठरावाचे तत्त्व राज्यघटनेत गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख येतो आणि ते पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालविलेले असले तरी कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. अंशतः हा शब्द महत्त्वाचा आहे; १८५८ च्या पळवाटेला शंभर वर्षे पुरी होण्याआधीच त्याने बांध घातला. २९ व्या अनुच्छेदाने अनुदानित शिक्षणसंस्थांनाही हेच बंधन घातले. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाच्या ९ व्या कलमान्वये दोषी ठरलेल्या विश्वस्ताच्या वा व्यवस्थापकाच्या संस्थेचे सरकारी अनुदान स्थगित करता येते किंवा परत घेता येते. १९७६ साली याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्याच दुरुस्तीने कायद्याच्या अंमलबजावणीची वेळोवेळी पाहणी करण्याची व अस्पृश्यता जेथे उरली आहे असे प्रदेश शोधून काढण्याची तरतूदही केली.

तरतुदी अशा भरभक्कम असता उणीव कोठे राहते? ती क्रमात आहे. आपल्या ९ व्या कलमाचा क्रम असा की, आधी अपराध घडावा, तक्रार व्हावी, खटला चालावा, दोष सिद्ध व्हावा आणि मग अनुदानाचा विचार व्हावा. ज्याला पाण्यासाठी त्याच गावात रोज जावयाचे आहे, तो तक्रार करील कशी? अमेरिकेने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उलट क्रम धरला. संघसरकारचे साहाय्य मागणाऱ्या संस्थेने आधीच हमी लिहून द्यावयाची आणि ती पाळली जाते की नाही याची माहिती सरकारला पुरवावयाची. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तरी १९६४ मध्ये दक्षिणेतील अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे २ टक्के होते. १९६८ पर्यंत ते सुमारे ३२ टक्क्यांवर गेले. न्यायालयांचा रेटा यामागे होताच, पण थांबू शकणाऱ्या अनुदानाचा धाकही होता. बोले यांनी १९२६ साली जे मागितले, त्याचेच हे दूरदेशीचे रूप म्हणावे लागेल.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, यातून आणखी एक कागद वाढेल. अनुदानाच्या अर्जाला आधीच ठराव, अंदाजपत्रक व उपयोगिता प्रमाणपत्रे जोडावी लागतात. त्यात एका हमीपत्राची भर पडेल आणि तेही डोळे मिटून सही होऊन येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुदान थांबविले तर शिक्षा कोणाला? गावातील धनिकाच्या वाड्यात स्वतःची विहीर असते. योजना अडली तर तहानेने व्याकूळ होणार ती ज्यांच्यावर अन्याय झाला तीच वस्ती!

मुरबाड-शहापूरच्या मुलखात हा दुसरा आक्षेप विशेषच बोचतो. भातसा व तानसा यांचे पाणी मुंबईकडे जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. येथे ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांच्या वाड्या गावठाणापासून दूर डोंगरउतारावर वसलेल्या आहेत. त्यांना मज्जाव करावयास कोणी विहिरीवर काठी घेऊन उभे राहण्याची गरज नसते. नळ वाडीपर्यंत नेलाच नाही की काम झाले. अशा वेळी जातिभेद करीत नाही ही हमी शब्दशः खरी ठरते, पण वाडी कोरडीच राहते.

म्हणून बोले यांच्या तत्त्वाला आजच्या गरजेप्रमाणे पुढे नेले पाहिजे. अर्जातील प्रश्न भेद करता काय, असा नसावा. त्याला उत्तर ठरलेलेच असते. गावात वस्त्या किती, प्रत्येकीपासून पाणवठा किती अंतरावर, नळ कोणत्या वस्तीला आधी व कोणत्या वस्तीला शेवटी, शाळेत पोषण आहाराची पंगत कशी बसते, असे मोजता येणारे प्रश्न विचारावेत. उत्तरे वाडीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावीत आणि खरेखोटे वाडीने सांगावे. शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे ग्रामसभेला १९९६ च्या कायद्याने विशेष अधिकारही दिले आहेत. उत्तर खोटे ठरले तर पैसा परत नेऊ नये. तो वंचित वस्तीच्या कामाकडे आधी वळवावा आणि गावठाणाच्या कामाला नंतर क्रम द्यावा. अशाने शिक्षा योग्य ठिकाणी बसेल, आणि तहानलेल्याला आपल्या हक्काची किंमत तहानेने मोजावी लागणार नाही.

नागनिकेच्या लेखाने दिलेल्याचा हिशेब दगडावर कोरून ठेवला. बोले यांनी त्या हिशेबात एक नवा रकाना घालावयास सांगितले. दिलेले कोणापर्यंत पोहोचले, हा तो रकाना. आपल्या अर्जांच्या नमुन्यात तो आजही भरला जातो तो बहुधा गटविकास कार्यालयातील टेबलावर. तो वाडीवरच्या विहिरीच्या काठावर भरला जाईल, त्या दिवशी रावबहादुरांचा १९२६ चा ठराव खऱ्या अर्थाने संमत झाला असे म्हणता येईल.