डाइव्ह कॉम्प्युटरच्या गणितामागचा माणूस: जॉन स्कॉट हाल्डेन

प्रशांत महासागरातल्या वानुआतु देशात, एस्पिरितु सांतो बेटाच्या किनाऱ्यालगत एक प्रचंड जहाज बुडालेलं आहे. नाव एसएस प्रेसिडेंट कूलिज. २६ ऑक्टोबर १९४२ ला हे अमेरिकन जहाज अमेरिकेनेच पेरलेल्या सुरुंगांवर आदळलं. आज त्याचं पुढचं टोक सुमारे २० मीटरवर आणि मागचं ७० मीटरच्या आसपास आहे. पाणी कोमट, त्यामुळे जगभरातून स्कूबा डायव्हर इथे येतात.

इतक्या खोल जाऊन आल्यावर खरी परीक्षा असते ती वर येताना. कुठे थांबायचं, किती मिनिटं थांबायचं, हे मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो. त्यातल्या गणिताचा पाया घालणारे जॉन स्कॉट हाल्डेन १९३६ मध्येच वारले.

आधी स्वतःवर प्रयोग

हाल्डेन यांचा जन्म १८६० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा. शिक्षण डॉक्टरकीचं, पण आयुष्य गेलं श्वास आणि हवा यांच्या अभ्यासात. कोळसा खाणीतल्या स्फोटांनंतर बरेच कामगार कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. हा गॅस शरीरात काय करतो हे बघायला तो त्यांनी स्वतः हुंगला. खाणीत धोक्याची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी न्यायचा सल्लाही त्यांचाच.

प्रॉब्लेम नेमका काय होता?

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे ५० मीटरवर सहापट दाब! या दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. पटकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, लकवा होतो, जीवही जातो. तेव्हाचे डायव्हर एकाच संथ वेगाने वर यायचे, तरी हा त्रास व्हायचा.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने हे काम हाल्डेन यांच्याकडे दिलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी चेंबरात बकऱ्या ठेवून त्यांनी प्रयोग केले. १० मीटरवरून, म्हणजे दुप्पट दाबातून, थेट वर आलेल्याला काही होत नाही, हे त्यांनी हेरलं. मग सहापट दाबातून तिप्पट दाबापर्यंत पटकन यायलाही हरकत नसावी! त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यायचं.

शरीराचे सगळे भाग नायट्रोजन सारख्याच वेगाने घेत-सोडत नाहीत. म्हणून हिशोबासाठी त्यांनी शरीराचे पाच गट मानले. सगळ्यात वेगवान गट पाच मिनिटांत निम्मा भरतो, सगळ्यात संथ गटाला ७५ मिनिटं लागतात.

मुलगाही पाण्यात

१९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात प्रत्यक्ष चाचणी झाली. नौदलाचे डॅमंट आणि कॅटो ६४ मीटरपर्यंत गेले आणि सुखरूप वर आले. हाल्डेन यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवलं. सूट त्याच्या मापाचा नव्हता, आत पाणी शिरलं, तरी पोरगा नीट परतला. हाच मुलगा म्हणजे पुढे गाजलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

१९०८ मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत हाल्डेन यांनी हे संशोधन आणि थांब्यांची कोष्टकं प्रसिद्ध केली.

आजच्या घड्याळात काय उरलंय?

खूप खोल आणि लांबलचक डाइव्हसाठी ही कोष्टकं अपुरी पडली, म्हणून आकडे बदलत गेले. स्वित्झर्लंडच्या ब्यूलमान यांनी पाचाचे सोळा गट केले आणि तेच मॉडेल आज अनेक डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये चालतं. पद्धत मात्र हाल्डेन यांचीच: खोली आणि वेळ सतत मोजायची आणि प्रत्येक गटात किती नायट्रोजन साठला ते काढायचं.

हा हिशोब ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्याच्याच डाइव्हचा असतो. त्यामुळे दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. आणि स्क्रीनवर थांबा आला, की थांबायचंच. ती मिनिटं कमी करायचा शॉर्टकट नाही.