एकांतातली अक्का



आपल्या औराद, भालकी, उदगीर, देगलूर या सीमाभागातल्या कितीतरी वाड्यांत आणि घरांत आज एकच दिवा लागतो. मुले पोटासाठी पुणे, हैदराबाद, मुंबईकडे गेली आणि मागे आई राहिली. कुठे जोडीदार लिंगैक्य झाला, कुठे मुळात संसारच मांडला गेला नाही. अशा माणसाला पाहून आपण हळहळतो आणि मनात म्हणतो, बिचारी एकटीच आहे. पण एकटे असणे आणि एकाकी असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? याचे उत्तर हवे असेल तर अक्कमहादेवीचे चरित्र पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावे.

अक्का बाराव्या शतकातली. तिचे गाव उडुतडी, आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातले. निर्मळशेट्टी व सुमती हे तिचे आईवडील, असे परंपरा सांगते. लहानपणीच इष्टलिंग हाती आले आणि चेन्नमल्लिकार्जुन हाच आपला पती, हा तिचा निश्चय झाला. पुढे तिच्या रूपावर लुब्ध झालेल्या कौशिक राजाने तिला मागणी घातली. तिने अटी घालून विवाह केला आणि त्या मोडल्यावर ती बाहेर पडली, असे हरिहर कवी सांगतो. पंधराव्या शतकातल्या चामरसाच्या कथेत मात्र विवाह झालेलाच नाही. कथा कोणतीही घ्या, शेवट एकच आहे. अक्काने राजवाडा सोडला, दागिने सोडले, वस्त्रही सोडले आणि केशांचे आवरण घेऊन ती वाटेला लागली.

त्या वाटेचा थोडा विचार करा. उडुतडीपासून बसवकल्याण आजच्या रस्त्याने सुमारे 500 किलोमीटर. मध्ये रान, नद्या, परकी गावे. तरुण स्त्री, सोबत कोणी नाही, अंगावर वस्त्र नाही. लोकांची नजर, टवाळी, भय हे सारे तिच्या वाट्याला आले असणार. आपण या चरित्राला नमस्कार करतो, पण तिच्या पायांतले काटे विसरतो.

याच भटकंतीच्या अनुभवातून आलेल्या तिच्या एका प्रसिद्ध वचनात जणू प्रपंचाचा हिशेबच मांडलेला आहे. अन्नाची सोय काय, पाण्याची सोय काय, रात्री अंग टाकायची सोय काय, अशा एकेक गरजा ती मोजते आणि प्रत्येकीची सोय या जगात आधीच झालेली आहे असे तिला दिसते. शेवटची गरज जिवाच्या सोबतीची. तिथे ती फक्त आपल्या चेन्नमल्लिकार्जुनाकडे बोट दाखवते. वाचकहो, हा क्रम नीट पाहा. अक्का भुकेला नाकारत नाही, सोबतीची गरजही नाकारत नाही. माणसाला सोबत लागते हे ती मान्य करते. ती सोबत कुठे शोधायची, एवढाच तिचा प्रश्न आहे.

ही सोबत तिला सहज लाभली असेही समजू नका. तिच्या नावावर सुमारे 430 वचने आहेत आणि त्यांतली कितीतरी विरहाने भिजलेली आहेत. पक्ष्यांना, भुंग्यांना ती त्याचा ठावठिकाणा विचारते. जिला कधी उणीव जाणवलीच नाही, ती असे विचारील काय? तिचे समाधान विरहाच्या पोटातून आलेले आहे. म्हणून एकटेपणी डोळे भरून आले तर आपली भक्ती कच्ची आहे असे मनाला लावून घेऊ नये.

अक्का रानातच राहिली नाही, हेही ध्यानात घ्या. ती कल्याणला आली, अनुभवमंटपात आली. अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. सर्व सोडलेस तर केशांचे आवरण कशासाठी, असा त्यांचा रोख होता. ते आपल्यासाठी नसून पाहणाऱ्यांच्या मनासाठी आहे, असा तिच्या उत्तराचा आशय. बसवण्णा, चेन्नबसवण्णा यांच्यासारखे शरण तिला अक्का म्हणजे थोरली बहीण म्हणू लागले. आईबाप, राजवाडा सारे सोडून आलेल्या मुलीला कल्याणात भाऊ मिळाले. माणसांना कंटाळून किंवा माणसांवर रुसून तिने एकांत धरला नव्हता. शरणसंग भरभरून घेतल्यावर, सर्वांचा निरोप घेऊन ती श्रीशैलाकडे निघाली. पुन्हा 300 किलोमीटरांहून अधिक वाट, पुन्हा एकटीच. नल्लमलाच्या अरण्यात, कदळीवनात ती लिंगैक्य झाली. कृष्णेच्या काठी तिच्या नावाची गुहा आहे. श्रीशैलच्या जलाशयातून नावेने भक्त तिथे जातात.

रुसून घेतलेला एकांत माणसाला आतून खातो. भरून पावल्यावर घेतलेला एकांत माणसाला सांभाळतो. दोन्हींत घर तेवढेच रिकामे असते, फरक आतला असतो.

आता तुमच्या-माझ्या घरी या. बसवण्णांनी इष्टलिंग हाती दिले त्याचा एक अर्थ इथे उलगडतो. पूजेला देऊळ लागत नाही, पुजारी लागत नाही, चार माणसे जमावी लागत नाहीत. पहाटे विभूती लावून तळहातावर लिंग घेतले की त्या खोलीत दोघे झाले. मग दिवसभर हाताला कायक हवे. अंगणातली चार झाडे, शेजारच्या पोराचा अभ्यास, मठाच्या दासोहातली भाजी निवडणे, काहीही चालेल. ज्याच्या सकाळला लिंग आहे आणि दुपारला कायक आहे, त्याची संध्याकाळ जड जात नाही.

पण भरल्या घरात राहणाऱ्यांनो, अक्काचे नाव घेऊन आपली जबाबदारी झटकू नका. अक्का भिक्षेवर जगली. म्हणजे वाटेतल्या कुठल्यातरी माउलीने रोज तिच्या हातावर घास ठेवला. त्या माउलींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण त्या नसत्या तर अक्का कल्याणला पोचली नसती. एकांत निवडणारा एक असतो, तो निभावणारे गाव असते. ज्याने एकांत निवडलेला नाही, ज्याच्यावर तो येऊन पडला आहे, त्याचे देणे तर आपल्यावर अधिकच आहे. गावाकडे आईला फोन करा, सणाला वाट पाहायला लावू नका. शेजारच्या एकट्या आजीच्या दारात ज्वारीची गरम भाकरी घेऊन जा, आणि घटकाभर बसा.

येत्या चैत्र पौर्णिमेला अक्काची जयंती साजरी करताना एवढे ध्यानी धरू या. एकटे असाल तर आतली सोबत शोधा. एकटे नसाल तर कोणाच्या तरी वाटेवरचा घास व्हा.